मास्तरांचं बिऱ्हाड बीजिंगात

बदली झाली की बिऱ्हाड हलवणं म्हणजे काय असतं, ते आपल्याला कुणी सांगायला नको. दूधवाला नवा, वाणी नवा, मुलांची शाळा नवी, आणि शेजारीण कशी निघते ते देव जाणे! तरी बरं, नाशिकहून सोलापूरला गेलं तरी बाजारात भाव करता येतो, मूल तापलं तर डॉक्टरांना चार शब्द सांगता येतात. पण बदलीचं गाव चीनमध्ये असेल तर? नोकरी शिक्षकाची, पगार बरा, राहायला संस्थेचं घर, मान तर विचारूच नका. मात्र भाजीवालीशी बोलायचं कसं, इथपासून सुरुवात.

शिक्षक म्हणून चीनमध्ये गेलेली आणि तिथे संसार मांडून राहिलेली परदेशी कुटुंबं पुष्कळ आहेत. त्यांतल्या एका घराची हकीकत मला फार दिवस सांगायची होती. त्या घरच्या बाईंचं नाव इझाबेल क्रूक. बीजिंगच्या परकीय भाषा विद्यापीठात त्या इंग्रजी शिकवत. नवरा डेव्हिड, तोही तिथेच शिक्षक. तीन मुलगे. २० ऑगस्ट २०२३ रोजी, वयाची १०७ वर्षं पुरी करून, बाई बीजिंगमध्येच वारल्या. एवढ्या आयुष्यात त्यांनी काय काय पाहिलं असेल, याचा नुसता हिशेब मांडायचा म्हटलं तरी बोटं पुरत नाहीत.

माहेर चीनचं

गंमत अशी, की क्रूकबाईंना चीन परका नव्हताच. त्यांचा जन्म १५ डिसेंबर १९१५चा, सिच्वान प्रांतातल्या चेंगदू शहरातला. आईवडील कॅनडातून आलेले मिशनरी. वडील तिथल्या विद्यापीठात शिक्षणशास्त्र शिकवत, आई माँटेसरी पद्धतीच्या बालशिक्षणात रमलेली. म्हणजे परदेशी शिक्षकांच्या घरातलीच ही मुलगी. पुढे शिकायला टोरांटोला गेली, पण शिक्षण संपताच परत आली. एकटी, खेडोपाडी हिंडायला! १९४०-४१मध्ये चुंगकिंगजवळच्या शिंगलोंगछांग नावाच्या बाजारपेठेच्या गावी, यू शीजी नावाच्या चिनी मैत्रिणीबरोबर, तिने सुमारे दीड हजार घरांची पाहणी केली. कुणाकडे जमीन किती, खाणारी तोंडं किती, लग्न कसं ठरलं, कर्ज कुणाचं, सगळं टिपून ठेवलं. दारात कुत्री अंगावर यायची, म्हणून हातात काठी घेऊन फिरावं लागे.

त्याच सुमाराला डेव्हिड क्रूक हा इंग्रज तरुण तिला चेंगदूत भेटला. स्पेनच्या यादवी युद्धात लढून आलेला, कम्युनिस्ट विचारांचा, पेशाने शिक्षक. त्याने लग्नाचं विचारलं ते कुठे? तातू नदीवरच्या लुतिंगच्या साखळदंडी पुलाजवळ! १९३५च्या लाँग मार्चमध्ये लाल सैन्याने हाच पूल ओलांडला होता. आपल्याकडे तेव्हा मुलगी बघायला चार माणसं येत आणि पोहे खाऊन जात. असो. १९४२ साली लंडनमध्ये लग्न झालं, महायुद्ध संपेपर्यंत दोघं आपापल्या कामावर होती, आणि १९४७मध्ये पुन्हा चीन. या खेपेला उत्तरेकडच्या शिलीत्येन नावाच्या खेड्यात, जमिनीचं वाटप कसं होतं ते पाहून त्यावर लिहायला. लिहून झालं की परतायचं, असा बेत.

बेत बेतच राहिला. १९४८ साली नव्या राज्यकर्त्यांना परराष्ट्र खात्यासाठी इंग्रजी येणारी मुलं तयार करायची होती. त्यासाठी नानहायशान गावात एक शाळा काढली होती, तिथे शिकवाल का, असं या दोघांना विचारण्यात आलं. ती हो म्हणाली. पुढे ही शाळा बीजिंगला गेली, वाढत वाढत विद्यापीठ झाली, आणि क्रूकबाई तिच्याबरोबरच वाढल्या. आपल्याकडे मुलगी सासरी जाते. इथे बाई माहेरीच राहिली आणि नवरा जन्मभराचा घरजावई झाला म्हणायचा!

नानहायशान होपै प्रांतात, शिच्याच्वांग शहराच्या जवळ. हे नाव वाचून सोलापूरकर मैत्रिणी थबकल्या असतील. आपल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी त्याच शिच्याच्वांगला आहे. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते गेले. तिथल्या रुग्णालयात शस्त्रक्रिया तर करतच, पण मुलांना वैद्यकही शिकवत, आणि तेही चिनी भाषेत. तेही एक परदेशी शिक्षकच की. परिचर्या शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी १९४१मध्ये लग्न केलं. ऑगस्ट १९४२मध्ये मुलगा झाला, त्याचं नाव ठेवलं यिनह्वा. 'यिन' म्हणजे भारत आणि 'ह्वा' म्हणजे चीन. बाळ चार महिन्यांचंही झालं नव्हतं, तोच ९ डिसेंबर १९४२ला डॉक्टर गेले. वय अवघं बत्तीस.

आयी म्हणजे मावशी

क्रूकांना बीजिंगला आल्यावर पाच वर्षांत तीन मुलगे झाले: कार्ल १९४९ साली, मायकेल १९५१ आणि पॉल १९५३ साली. चीनमध्ये बाळंतिणीने महिनाभर घराबाहेर पडायचं नाही, गार पाण्यात हात घालायचा नाही, वाऱ्यावर बसायचं नाही, अंडी आणि आलं घातलेलं ऊनऊन खायचं, अशी जुनी रीत आहे. त्याला 'महिना बसणं' म्हणतात. आपल्या सव्वा महिन्याचीच बहीण! पाश्चात्य बायका आठवड्यात हिंडायला लागतात, त्या पाहून चिनी शेजारणींचा जीव आजही खालीवर होतो.

नोकरी करणाऱ्या जोडप्याला मुलं सांभाळायला माणूस लागतंच. चीनमध्ये अशा बाईला 'आयी' म्हणतात. शब्दाचा अर्थ काय, ठाऊक आहे? मावशी, आईची बहीण! आपणही कामाला येणाऱ्या बाईंना मावशीच म्हणतो की. परदेशी शिक्षकांच्या मुलांचं पहिलं चिनी या आयींच्या तोंडून आलेलं असतं, आणि म्हणून ते अस्सल असतं. मास्तर-मास्तरीण वर्षानुवर्षं शिकूनही सूर चुकवतात. मुलं मात्र गल्लीतल्या पोरांसारखी भांडतात. क्रूकांचे तिन्ही मुलगे चिनी शाळेत गेले आणि बीजिंगच्या मुलांसारखंच बोलू लागले.

शिक्षकाला तिथे 'लाओशी' म्हणतात, मग तो पुरुष असो की बाई. शिक्षकाच्या पत्नीलाही वेगळं नाव आहे, 'शीमू'. म्हणजे गुरुमाता. त्यामुळे मास्तरांच्या बायकोची सुटका नसते. विद्यार्थी घरी येणार, तिला अडचणी सांगणार, सणाला काहीतरी हातात ठेवणार. आपल्या जुन्या गुरुजींच्या घरी असंच असायचं, नाही का?

आता स्वयंपाकघर. १९५०च्या दशकात चीनमध्ये कुपनांचा जमाना सुरू झाला. कापडाची कुपनं १९५४पासून, धान्याची १९५५पासून. धान्याची कुपनं तर १९९०च्या दशकापर्यंत टिकली. रेशनच्या रांगेत उभं राहिलेल्या आपल्या पिढीला वेगळं समजावून सांगायला नको. घर, दवाखाना, पाळणाघर, जेवणघर, सगळं नोकरीच्या संस्थेचं, एकाच आवारात. सोय मोठी; पण सकाळी नवराबायकोची कुरबुर झाली की दुपारपर्यंत वरिष्ठांना कळणार, हेही आलंच!

नोव्हेंबर आला की बीजिंगभर कोबी. आपला गोल गड्डा नव्हे, लांबट, फिकट पानांचा. हिवाळ्यात दुसरी ताजी भाजी मिळणं मुश्कील, म्हणून एकेक कुटुंब मणामणाने कोबी घेऊन ठेवी. जिन्यात, गॅलरीत, खिडकीखाली राशी लावायच्या, वर जुन्या गोधड्या घालायच्या, अधूनमधून वरखाली करून सडलेलं पान काढायचं. मग तीच भाजी मार्चपर्यंत: परतून, उकळून, खारवून, डंपलिंगच्या सारणात. आपण आठ दिवस सलग कोबी केला तर घरात ताटं आपटतील.

उत्तर चीनमध्ये मुख्य अन्न गव्हाचं, दक्षिणेत भाताचं. थंडीचंही असंच वाटप आहे. ह्वाय नदी आणि छिनलिंग डोंगर यांच्या उत्तरेला इमारतींतून सरकारी ऊब फिरते, बीजिंगमध्ये साधारण १५ नोव्हेंबर ते १५ मार्च. दक्षिणेला मात्र नाही. त्यामुळे शांघायला नोकरी लागलेली शिक्षिका घरातही कोट घालून वह्या तपासते, आणि बर्फाळ बीजिंगमधली मैत्रीण खिडकी किलकिली करून बसते. पाणी सगळीकडे उकळलेलंच, आणि प्यायचं तेही गरम. थर्मासशिवाय तिथलं घर नाही, वर्ग नाही, आगगाडीचा डबा नाही. ही सवय तेवढी आपण उचलायला हरकत नाही, पावसाळ्यात तरी.

पाहुणे किती दिवस राहायचं?

परदेशी शिक्षकाला चिनी सहकाऱ्याच्या कित्येक पट पगार असे. सोव्हिएत तज्ज्ञांसाठी १९५४ साली बीजिंगमध्ये मोठं फ्रेंडशिप हॉटेल बांधलं. १९६०मध्ये रशियन माघारी गेले, आणि मग इतर परदेशी कुटुंबं तिथे राहू लागली. पोहायचा तलाव, वेगळं जेवण, फिरायला गाडी. दुष्काळाच्या वर्षांतही, १९५९ ते १९६१मध्ये, जेव्हा चीनमध्ये कोट्यवधी माणसं अन्नावाचून गेली, तेव्हा परदेशी तज्ज्ञांना शिधा जास्त होता.

वाचताना वाटतं, बरंय की! पण जरा त्या घरातल्या आईच्या जागी उभ्या राहून पाहा. तुमचं मूल वर्गात चाळीस मुलांबरोबर बसतं, आणि डबा मात्र त्याचा एकट्याचा भरलेला. शेजारची मुलं पायी, तुमचं मोटारीत. यजमान प्रेमानेच करतात, पण पाहुण्याला कुणी घरचं भांडण सांगत नाही, पोळ्या लाटायला बसवत नाही. वर्षानुवर्षं पाहुणं राहणं हीही एक शिक्षाच. ऑगस्ट १९६६मध्ये बीजिंगमधल्या चार अमेरिकनांनी हेच गाऱ्हाणं भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून लावलं: आम्हाला जादा पगार नको, खास सोयी नकोत, आम्हाला आणि आमच्या मुलांना चिनी माणसांसारखंच वागवा. त्यांत जोन हिंटन ही बाई होती. अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पात काम केलेली पदार्थवैज्ञानिक, जिने पुढे जन्मभर चीनमध्ये गाईम्हशींचे गोठे सुधारले! माओंनी त्यावर होकाराचा शेरा मारला.

'चिनी माणसांसारखंच वागवा' ही मागणी लवकरच फार वेगळ्या रीतीने पुरी झाली.

तीन मुलगे, रिकामं घर

सांस्कृतिक क्रांतीची लाट तेव्हा उसळलेली होती. विद्यार्थी गुरुजनांना चारचौघांत उभं करून अपमान करत होते. ऑक्टोबर १९६७मध्ये डेव्हिड क्रूकना पकडलं. आरोप हेरगिरीचा. तरुणपणी स्पेनमध्ये त्यांनी रशियनांसाठी खरोखरच हेरगिरी केली होती आणि नंतर स्वतःच तसं लिहून ठेवलं, तो भाग वेगळा. चीनमधला आरोप मात्र खोटा होता. बीजिंगबाहेरच्या छिनछंग तुरुंगात त्यांनी पाच वर्षांहून अधिक काळ काढला, बराचसा एकांतकोठडीत. पुढे क्रूकबाईंनाही विद्यापीठाच्याच आवारात कोंडून ठेवलं. तेही जवळजवळ तीन वर्षं.

आणि मुलं? थोरला जेमतेम अठराचा, मधला सोळाच्या आसपास, धाकटा चौदाचा. आजी नाही, काका-मावशी नाही, सगळे नातेवाईक समुद्रापार. बाप तुरुंगात, आई त्याच आवारात पण भेटायची बंदी. ज्या गल्लीत वाढले, तिथेच आता 'परदेशी हेराची मुलं'. आई म्हणून विचार करायला लागलं की पुढचं वाचवत नाही. डेव्हिड यांच्या तुरुंगवासाबद्दल लोकांनी पुष्कळ लिहिलंय. मला विचाराल तर खरी परीक्षा झाली ती या तीन पोरांची. आणि ती निभावली, याचं श्रेय मी त्या चिनी शाळेला देईन. भाषा आपली होती, रांगेत उभं राहणं ठाऊक होतं, कोळशाची शेगडी पेटवता येत होती. मोटारीतून शाळेत जाणाऱ्या मुलांचं अशा वेळी काय झालं असतं?

जानेवारी १९७३मध्ये डेव्हिड सुटले. त्याच वर्षी ८ मार्चला, म्हणजे महिलादिनी, पंतप्रधान चौ एन-लाय यांनी परदेशी तज्ज्ञांना बायकामुलांसह बोलावलं आणि झाल्या प्रकाराबद्दल सर्वांदेखत माफी मागितली.

आता कुणीही म्हणेल, यानंतर सामान बांधावं आणि पहिल्या विमानाने निघावं. माझी तर पिशवी आदल्या रात्रीच भरलेली असती. क्रूक नवराबायको राहिली. त्याच विद्यापीठात, त्याच आवारात, पुन्हा वर्गावर गेली. ज्यांनी कोंडलं होतं त्यांच्यापैकी काहीजण तिथेच समोर वावरत असणार. क्रूकबाईंच्या बोलण्यात पुढेही कधी कडवटपणा आला नाही. हा मोठेपणा म्हणावा, की आपण ज्यावर आयुष्य लावलं ते चुकलं असं मनाला म्हणू न देण्याचा हट्ट? मला वाटतं, दोन्हीचं थोडं थोडं असावं. पन्नाशी उलटल्यावर बाईमाणूस माहेर सहजी सोडत नाही, एवढं मात्र खरं.

आजचे मास्तर

आता काळ पालटलाय. आज चीनमध्ये शिकवायला जायचं तर 'झेड' व्हिसा, कामाचा परवाना आणि राहण्याचा परवाना लागतो. २०१७पासून देशभर परदेशी नोकरदारांच्या अ, ब, क अशा श्रेणी आहेत. इंग्रजी शिकवायला शक्यतो इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशांतलेच घेतात. त्यामुळे आपल्याकडची कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, फाडफाड इंग्रजी बोलणारी बाईही सहसा त्या जागेवर बसत नाही. गणित, विज्ञान शिकवणाऱ्यांना आंतरराष्ट्रीय शाळांतून वाव असतो.

बरोबर जाणाऱ्या बायकोला 'एस-१' व्हिसा मिळतो, आणि त्यावर नोकरी करता येत नाही. इथे बँकेत किंवा शाळेत असलेली बाई तिथे एकदम घरी. ज्या मैत्रिणी जायच्या विचारात असतील, त्यांनी हे निघण्याआधी नवऱ्याशी नीट बोलून घ्यावं; पोचल्यावर बोलून उपयोग नसतो. मूळ विवाह-दाखला आणि मुलांचे जन्मदाखले प्रमाणित करून घ्यावेत. पोचल्यावर चोवीस तासांत पोलीस चौकीवर नोंद करावी लागते. हॉटेलात उतरलात तर ते करतात. घरात उतरलात तर आपणच जायचं. मोबाईलचा नंबर आणि बँकेचं खातं आधी मिळवावं, कारण आता कोथिंबिरीची जुडीसुद्धा फोनवरून पैसे देऊन घेतात. शाकाहारी असाल तर 'मांस नको' एवढं पुरत नाही. चरबी नको, मांसाचं पाणीही नको, असं लिहून जवळ ठेवलेलं बरं. ओव्हनची सवय असेल तर ती विसरा, बहुतेक घरांत दोन चुली आणि एक कढई. फोडणीला मात्र ती कढई फर्मास!

आणि पाहुणेपण? तेही आहेच. २८ मार्च २०२०ला साथीमुळे चीनने परदेशी माणसांना दार बंद केलं. सुटीसाठी मायदेशी गेलेल्या बायका-मुलं तिकडे, नवरा इकडे, अशी कित्येक घरं दुभंगली. काहींची ताटातूट दोन वर्षांहून जास्त टिकली. जानेवारी २०२३मध्ये निर्बंध उठले, तोवर कितीतरी शिक्षकांनी कायमचा गाशा गुंडाळला होता.

क्रूकांच्या घराचं पुढे काय झालं, ते राहिलंच. बाई १९८१ साली निवृत्त झाल्या. डेव्हिड २००० साली गेले. मधल्या मायकेलने आणखी काही जणांबरोबर १९९४मध्ये बीजिंगमध्ये परदेशी मुलांसाठी शाळा काढली, वेस्टर्न अकॅडमी ऑफ बीजिंग. चिनी शाळेत वाढलेल्या मुलाने परदेशी मुलांची शाळा काढावी, यात मला फार मौज वाटते. सप्टेंबर २०१९मध्ये चीनने क्रूकबाईंना मैत्रीपदक दिलं. तेव्हा त्या १०३ वर्षांच्या होत्या.

आणि ती तरुणपणीची पाहणी? दीड हजार घरांचे ते कागद बाईंनी मधल्या सगळ्या उलथापालथीतून जपले होते. निवृत्तीनंतर त्या पुन्हा त्याच कामाला बसल्या, जुन्या गावी जाऊन आल्या, राहिलेलं विचारून आल्या. पुस्तक निघालं २०१३ साली, बाईंच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी. लेखिकांच्या नावांत यू शीजींचंही नाव आहे.